सूर्याले पडदा

“सूर्याले पडदा लावून रायले का, म्याडम? काही होत नाही जी त्यानं. गाडी त तापतेच.”

पार्किंगची पावती माझ्या हातात देता देता तो एवढं बोलला आणि पुढच्या गाडीकडे वळलासुद्धा. नागपूरचा मे महिना, सकाळचे साडेदहा, सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीबाहेरचं उघडंबोडकं मैदान. मी पुढच्या काचेला आतून चंदेरी सनशेड लावत होते. त्याचा एक कोपरा वर धरायचा, व्हायजर खाली ओढून त्यात अडकवायचा, तोवर दुसरा कोपरा निसटतो, तो आरशामागे खुपसेपर्यंत पहिला खाली येतो. डोक्याभोवती पांढरा दुपट्टा गुंडाळलेल्या त्या माणसाचे फक्त डोळे दिसत होते, आणि त्यांत चेष्टा नव्हती. असती तर मी तिथल्या तिथे विसरले असते. उन्हाळाभर त्या मैदानात उभं राहून, तापलेल्या गाडीचं दार उघडताना लोकांचे चेहरे कसे होतात हे बघत आलेल्या माणसाचं ते मत होतं. त्याला खोडून काढायचं तर माझ्याकडे काय होतं? कचेरीतल्या बाकावर नंबराची वाट बघताना कागदपत्रांपेक्षा तेच डोक्यात घोळत राहिलं. खरंच काही होतं का त्यानं?

पुण्याची माझी नणंद ४० अंशांना ‘केवढं हे ऊन’ म्हणून हाशहुश करते. आमच्याकडे मे महिन्यात ४० म्हणजे आभाळ आलंय की काय असं वाटतं. मेअखेरच्या नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे सरकतो, तेव्हा भर दुपारी दोनला उघड्यावर लावलेल्या गाडीत शिरणं हा एक वेगळाच प्रकार असतो. आधी दाराच्या मुठीचा चटका. मग दार उघडल्याबरोबर अंगावर येणारी ती हवा, तिला वास असतो: तापलेलं प्लास्टिक, सीटचा फोम, कधीकाळी सांडलेला उसाचा रस, सगळं मिळून घशाशी बसणारं काहीतरी. सीटबेल्टचं बक्कल बोटांच्या टोकांनी धरायचं. स्टिअरिंगला ओढणी गुंडाळायची. बाटलीतलं पाणी प्यायचं नाही, त्यानं फार तर पाय धुता येतील. डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीचा डिंक पातळ होतो आणि बाप्पा दर उन्हाळ्यात आडवे होतात. आम्ही पावसाळ्यात त्यांना पुन्हा उभे करतो.

सनशेड लावलेल्या गाडीतही दार उघडल्यावर अंगावर हवा येतेच. त्या माणसाला तेच दिसत असणार. चेहरा आक्रसतो तो पहिल्या श्वासाला, स्टिअरिंगला हात लागायच्या आधी.

माझे वडील वरोऱ्याला डॉक्टर होते. त्यांच्याकडे जुनी, दुसऱ्या हाताची फियाट होती, रेक्झिनच्या गडद सीटची. अर्ध्या कपड्यांत त्या सीटवर बसलेल्या मुलाला मांड्यांची कातडी सोडवून घेत उठावं लागे आणि उठताना फर्र असा आवाज येई. बाबा कुठे व्हिजिटला गेले की गाडी लावताना एक जुनी सोलापुरी चादर बाहेर काढत. ती पुढच्या काचेवर पसरायची, दोन्ही टोकं दारांतून आत घेऊन दारं लावायची, मधोमध वायपरखाली दाबायची. मला त्या चादरीची भयंकर लाज वाटायची. डॉक्टरांची गाडी, आणि तिच्यावर अंथरूण! रस्त्यावरची पोरं विचारायची, गाडी झोपली का म्हणून. बाबांना त्याचं काही नव्हतं. परत आल्यावर ते चादर झटकत, तिच्यावर पडलेल्या कडुनिंबाच्या काड्या निवांतपणे वेचत आणि आम्हाला बसायला सांगत. तेव्हाच्या गाडीची पुढची काच लहान होती आणि बरीचशी उभी. आताच्या गाड्यांची काच वाऱ्याला वाट करून देण्यासाठी इतकी तिरपी केलेली असते की तिच्या पायथ्याशी मागे एक अख्खं टेबल तयार होतं, काळं, खरखरीत, सूर्याच्या थेट खाली मांडलेलं. रेक्झिन गेलं आणि त्याच्या जागी हे टेबल आलं.

घरातसुद्धा ऊन अडवायचं ते बाहेरच. नऊ वाजले की खिडक्यांची लाकडी दारं बंद, दारात वाळ्याची ताटी, तिच्यावर दर तासाला पाणी मारायची पाळी भावंडांत ठरलेली. आजी म्हणायची, ऊन उंबऱ्याच्या आत आलं की मग त्याला कोण काढणार. पडदे आमच्या घरी होते, पण ते शोभेला. उन्हासाठी म्हणून आतून पडदा लावणं हे तिला बावळटपणाचं वाटलं असतं, आणि मी गाडीत नेमकं तेच करते.

म्हणजे पार्किंगवाला आणि आजी एका पक्षात.

पण काच हा विचित्र पदार्थ आहे. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञानं एकात एक बसणाऱ्या काचेच्या पेट्या उन्हात ठेवून आतलं तापमान मोजलं होतं. पुढे त्यानं पेटीला बाहेरून ऊब धरणारं आवरण दिलं, तेव्हा आतला पारा पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर गेला. मग ही पेटी घेऊन तो डोंगरावर चढला. वरची हवा खालच्यापेक्षा पुष्कळ गार, तरी पेटी जवळजवळ तितकीच तापली. हे वाचताना मला नागपूरचा डिसेंबर आठवला. बाहेर स्वेटर, आणि दुपारी गाडीत शिरल्याबरोबर तो काढून ठेवावा लागतो. बाहेरची हवा किती गरम आहे यापेक्षा आत किती ऊन पडतंय आणि ते कशावर पडतंय, यावर बराच खेळ चालतो. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्यांना न दिसणारी, आणि दिसणारी धरून बहुतेक सगळी काचेतून आत येते. काळा डॅशबोर्ड ती पितो, तापतो आणि स्वतःची उष्णता ज्या लांब लहरींमध्ये सोडतो त्या काचेला पार करता येत नाहीत. शाळेत आपण एवढंच शिकलो. १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं त्यात खोडा घातला. त्यानं दोन पेट्या केल्या, एकीला काच आणि दुसरीला सैंधवाची पातळ तावदानं, ज्यातून त्या लांब लहरी बिनबोभाट पार होतात. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. खरा अडसर कोंडलेल्या हवेचा होता. तापलेली हवा वर जाऊन निसटू शकत नाही, म्हणून पेटी तापते.

यात चंदेरी पडद्याची बाजू अशी की तो प्रकाशाला प्रकाश म्हणूनच परत पाठवतो. डॅशबोर्डनं प्यायलेलं ऊन उष्णता होऊन कोंडतं, पण चकाकत्या पृष्ठावरून उलटलेलं ऊन अजून ऊनच असतं आणि आल्या काचेनंच बाहेर जाऊ शकतं. सगळं नाही जात. काच जाताना थोडं खाते, येताना थोडं खाते, पडदाही थोडा तापतो. काळं कापड आतून लावलं तर तेच तापून बसतं आणि गाडीतली हवा तापवत राहतं, डॅशबोर्ड तेवढा वाचतो. बाबांच्या चादरीची गोष्ट निराळी. ती तापायची बाहेर, आणि तिची उष्णता वरोऱ्याच्या वाऱ्यावर जायची.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मावशी, तू पुस्तकं कशाला काढतेस, मोजू की आपण.” शेजारच्यांची गाडी आमच्याच मॉडेलची, रंगही पांढराच. रविवारी दोन्ही गाड्या सोसायटीच्या गच्च उन्हातल्या भिंतीपाशी दक्षिणेकडे तोंड करून उभ्या केल्या, एकीला सनशेड, एकीला नाही. घरात करोनाच्या काळात घेतलेली कपाळाला धरायची ती पांढरी बंदूक होती. भाच्यानं ती उघड्या डॅशबोर्डवर रोखली. तिनं आकडा दाखवलाच नाही, नुसतं ‘हाय’ असं लिहून ती लाल झाली. माणसाचा ताप मोजायला बनवलेलं यंत्र, ४२-४३ च्या पुढे त्याला गणित येत नाही. सनशेडखालच्या डॅशबोर्डवर रोखली, तिथेही लाल. शेजारचे काका गच्चीवरून बघत होते, त्यांनी निकाल जाहीर केला की दोन्ही गाड्यांना ताप आहे. मग भाच्यानं मित्राकडून मल्टिमीटर आणि तापमान मोजायची तार आणली, आणि दुपारभर आम्ही घामाघूम होऊन दारं किलकिली करून तारा आत सोडत बसलो. मध्ये मध्ये पन्हं.

डोक्याच्या उंचीवरच्या हवेतला फरक इतका थोडा होता की भाचा हिरमुसला. दोन्ही गाड्यांतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापलेली, सनशेडवाली जराशी मागे. डॅशबोर्डवर मात्र मीटरची गरजच नव्हती. एकीकडे तळहात ठेवून मी निवांत बोलू शकत होते, दुसरीकडे तो टेकवताच उचलावा लागत होता. स्टिअरिंगचंही तसंच. सीटच्या बाबतीत बाजूच्या काचांनी घोटाळा केला: दुपार कलली तशी उन्हाची तिरीप उजव्या खिडकीतून आत आली आणि दोन्ही गाड्यांतली एकेक सीट सारखीच भाजून निघाली. पुढच्या काचेला कितीही चांदी लावा, सूर्य काही दिवसभर समोर उभा राहत नाही.

ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात झालेलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन आहे, सनशेडचं नाही, पण सावलीचं. ३८ अंशांच्या वरच्या दिवसांत गाड्या तासभर उन्हात आणि तासभर सावलीत ठेवून मोजलेल्या. उन्हातल्या गाडीत हवा सरासरी ४७ अंशांच्या आसपास, स्टिअरिंग ५३, सीट ५१ आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाडीत हवा ३८, स्टिअरिंग ४२, सीट ४१, डॅशबोर्ड ४८. हवेत नऊ अंशांचा फरक आणि डॅशबोर्डमध्ये एकवीस. पूर्ण सावलीतही हे प्रमाण असंच आहे, मग एका काचेपुरत्या आडोशानं हवेत फार काही होणार नाही हे उघड आहे. पण चटका बसतो तो वस्तूंचा. कोंडलेली हवा चारही दारं उघडून मिनिटभरात घालवता येते. एका बाजूच्या दाराची काच खाली करून पलीकडचं दार चार-पाच वेळा पंख्यासारखं हलवलं की आतली गरम हवा भसकन बाहेर पडते. डॅशबोर्डनं साठवलेली उष्णता अशी जात नाही. एसी लावून अर्धं शहर ओलांडलं तरी समोरून त्याची धग तोंडावर येतच असते. सनशेड वाचवतो ती ही नंतरची वीस मिनिटं. पार्किंगवाल्याला ती दिसायचं कारण नाही, तोवर गाडी त्याच्या मैदानातून निघून गेलेली असते.

एका बाबतीत मात्र त्याचंच म्हणणं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवं. गाडी त तापतेच. त्याच ॲरिझोनातल्या मांडणीत दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं काय होईल याचं गणित केलेलं आहे: उन्हातल्या गाडीत सुमारे तासाभरात शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांवर, सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या आत. २००५ सालच्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात बाहेर जेमतेम २२ अंश असताना तासाभरात गाडीतला पारा ४७ पर्यंत गेला, बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच इंचभर खाली ठेवून काही साधलं नाही. इंचभर काच उघडी ठेवून, चंदेरी पडदा लावून, ‘पाच मिनिटांत येते’ म्हणत मुलाला किंवा म्हाताऱ्या सासूबाईंना गाडीत बसवून जाणाऱ्या बायका मी बर्डीच्या बाजारात बघते. पडदा लावल्यामुळे त्यांना धीर येतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मी एकदा काचेवर टकटक करून सांगायला गेले तर आतल्या आजीबाई हसून म्हणाल्या, “बरं आहे जी इथं, सावली केली ना सुनेनं.”

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. सून येईपर्यंत मी दार उघडं धरून उभी राहिले.

१९७९ च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून वरोऱ्यात जी धांदल उडाली होती ती माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, कुठे कोसळेल सांगता येत नाही. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उधाऱ्या फेडल्या, काहींनी मुद्दाम फेडल्या नाहीत. ११ जुलैला ती हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागावर तुकडे होऊन पडली आणि बाबांच्या दवाखान्यातली धडधडीची गर्दी ओसरली. तिची आधीची गोष्ट मला फार उशिरा कळली. १४ मे १९७३ ला ती सोडली तेव्हा वर जाताना मिनिटभरातच तिचं बाहेरचं संरक्षक कवच फाटून गेलं, आणि तेच तिची सावलीही होतं. कक्षेत पोचलेली प्रयोगशाळा उन्हात लावलेल्या गाडीगत तापू लागली, आत ५२ अंशांपर्यंत. अन्न खराब होईल, फिल्म जाईल, आणि भिंतींमधला फोम तापून विषारी वायू सोडेल, या काळजीनं अंतराळवीरांचं उड्डाण पुढे ढकललं. ह्यूस्टनला जॅक किन्झलर नावाच्या तंत्रज्ञानं बाजारातून मासे धरायच्या गळकाठ्या आणल्या, एकात एक सरकणाऱ्या, आणि त्यांना कापड जोडून एक छत्री करून दाखवली. मग ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची आणि नायलॉनची खरी छत्री शिवणयंत्रावर शिवून घेतली गेली. २५ मे ला निघालेल्या अंतराळवीरांनी आतल्या एका छोट्या झडपेतून ती मिटलेली बाहेर सारली आणि बाहेर उघडली. थोड्याच दिवसांत आत माणसांना राहता येईल इतकं गार झालं.

माझ्या गाडीतला सनशेड त्याच जातीच्या पापुद्र्याचा आहे. फक्त त्या लोकांनी तो बाहेरून लावला. बाबा हयात असते तर हे ऐकून त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं.

काळ्या फिल्मचे दिवसही आठवतात. २०१२ च्या एप्रिलअखेर सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवर फिल्म लावायलाच मनाई केली, आणि त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला जागोजागी माणसं ब्लेड घेऊन काचा खरवडताना दिसायची. चिकट डिंकाचे ओघळ, केरोसिनचा वास. आमच्या गाडीचीही निघाली. त्यानंतर रबरी चोखण्यांनी काचेला चिकटवायच्या जाळ्या आल्या, ज्या खड्डा आला की मांडीवर पडतात. रंगानंही थोडं साधतं म्हणतात, आणि कॅलिफोर्नियात २०११ साली एक काळी आणि एक चंदेरी सेदान शेजारी उभी करून मोजलं तेव्हा चंदेरी गाडीतली हवा पाच-सहा अंशांनी कमी निघाली. पण गाडीचा रंग काही दर उन्हाळ्यात बदलता येत नाही.

खरी सावली झाडाचीच, हे सांगायला कुणाला मीटर लागत नाही, आणि म्हणूनच नागपुरात मे महिन्यात पार्किंगची मारामारी असते ती झाडाखालच्या जागेसाठी. लोक गाडी लांब कडुनिंबाखाली लावतात आणि उन्हातून चालत येतात. म्हणजे गाडी सावलीत, माणूस उन्हात. रस्ते सिमेंटचे होताना बऱ्याच झाडांचे बुंधे सिमेंटनं गळ्याशी आवळले गेले. त्यांतली काही पुढच्या वादळात पडली. त्या कचेरीच्या मैदानात तर एकही झाड नाही. तिथे वाहनतळाची पाटी आहे, दर लिहिलेले आहेत, आणि पावती फाडणाऱ्याला उभं राहायला एक छत्रीसुद्धा नाही. त्याला सूर्याबद्दल काही सांगायला जाणं माझ्याच्यानं झालं नसतं.

भाच्यानं ऑनलाइन शोधून बाहेरून लावायचं, कोपऱ्यांत चुंबकं असलेलं कव्हर दाखवलं. मी ते मागवलं नाही. घरात सोलापुरी चादरी पुष्कळ आहेत, त्यातली एक डिकीत ठेवली. अडचण एवढीच की चादर ताणून दोन्ही दारांत पकडायला दोन माणसं लागतात. बाबांबरोबर कंपाउंडर असायचा. तेव्हा सध्या नवरा सोबत असला की चादर, एकटी असले की सनशेड. नवऱ्याला त्या चादरीची भयंकर लाज वाटते.